डॉल्बींनी नेमके काय विकले?

ऐंशी-नव्वदच्या दशकात ज्यांच्या घरी कॅसेट डेक होता, त्यांना त्याच्या दर्शनी पट्टीवरचे एक लहानसे बटण आठवत असेल. बटणाशेजारी 'डॉल्बी एनआर' (नॉइज रिडक्शन, म्हणजे नको असलेला आवाज घटवणे) अशी अक्षरे आणि दोन 'डी' असलेले एक चिन्ह असे. डेक बहुधा जपानी कंपनीचा असे, कॅसेट एचएमव्हीची असे आणि खरेदी मुंबईतील लॅमिंग्टन रोडवरच्या एखाद्या दुकानातून झालेली असे. या तिन्हींत डॉल्बी नावाच्या कंपनीने बनवलेली एकही वस्तू नसे, तरीही तिचे नाव प्रत्येक डेकवर असे आणि त्या नावापोटी थोडीशी रक्कम तिच्या खात्यात जमा झालेली असे. हे कसे घडले, हे समजून घ्यायचे तर रे डॉल्बी या अभियंत्याची कारकीर्द आणि त्यांनी सोडवलेला तांत्रिक प्रश्न या दोन गोष्टी एकत्रच पाहाव्या लागतात. (मिरवणुकीत ट्रकवर रचलेल्या स्पीकरच्या भिंतींना महाराष्ट्रात 'डॉल्बी' म्हणण्याचा प्रघात पडला आहे, त्या भिंतींशी या गृहस्थांचा संबंध नाही. त्यांचा पहिला शोध नको असलेला आवाज घटवण्याचा होता.)

रे डॉल्बी यांचा जन्म १८ जानेवारी १९३३ रोजी अमेरिकेतील पोर्टलंड शहरात झाला आणि ते वाढले सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात. टेपरेकॉर्डर बनवणारी ॲम्पेक्स ही कंपनी तेव्हा त्याच भागात उभी राहत होती. शाळकरी वयातच कंपनीचे संस्थापक अलेक्झांडर पोनियाटॉफ यांच्याशी त्यांची ओळख झाली आणि शिक्षण सांभाळून ते तिथे काम करू लागले. दूरचित्रवाणीचे चित्र टेपवर मुद्रित करणारे पहिले व्यवहारात चालणारे यंत्र ॲम्पेक्सने १९५६ साली सादर केले, तेव्हा ते घडवणाऱ्या चार्ल्स गिन्सबर्ग यांच्या छोट्या पथकात हा विद्यार्थीही होता. १९५७ मध्ये स्टॅनफर्डची पदवी आणि १९६१ मध्ये केंब्रिजमधून क्ष-किरणांवरील संशोधनासाठी डॉक्टरेट, अशी त्यांची पुढची वाटचाल झाली. मग १९६३ साली युनेस्कोचे तांत्रिक सल्लागार म्हणून ते भारतात आले आणि सुमारे दोन वर्षे चंदीगडच्या केंद्रीय वैज्ञानिक उपकरण संस्थेशी संबंधित काम करत राहिले. टेपवरील नको असलेला आवाज कसा हटवावा, याची त्यांची कल्पना आकाराला आली ती या भारतातील मुक्कामात.

तो प्रश्न काय होता, हे आता पाहू. चुंबकीय टेपवर लोहाच्या ऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण लावलेले असतात. टेपवर काहीही मुद्रित केलेले नसले, तरी त्या कणांचे चुंबकत्व वेडेवाकडे विखुरलेले असते आणि टेप तिच्यावरील आवाज वाचणाऱ्या हेडवरून सरकताना ते 'शूं' अशा अखंड आवाजाच्या रूपाने ऐकू येते. तंत्रज्ञ त्याला 'हिस' म्हणतात. टेप जितकी अरुंद आणि जितकी संथ चालणारी, तितकी ही हिस मूळ आवाजाच्या तुलनेत जास्त, कारण प्रत्येक क्षणी हेडखालून जाणाऱ्या कणांची संख्या कमी होते आणि त्यांचा विस्कळीतपणा सरासरीत बुजून जात नाही. स्टुडिओतील टेप सेकंदाला ३८ सेंटिमीटर या वेगाने धावे. फिलिप्सने १९६३ साली आणलेल्या कॅसेटमधील टेप जेमतेम ३.८१ मिलिमीटर रुंद होती, स्टिरिओसाठी तिच्यावर दोन्ही बाजूंचे मिळून चार ट्रॅक बसवावे लागत आणि तिचा वेग स्टुडिओच्या टेपच्या एक अष्टमांश होता. अशा टेपवर हिस ठळकपणे ऐकू येणार, हे उघडच होते.

ख्यालगायनाच्या एखाद्या मैफलीचे मुद्रण डोळ्यांसमोर आणावे. सुरुवातीला तानपुरे झंकारत असतात, गायिका खर्जात हळुवार आलापी करत असते आणि या साऱ्यामागे हिस स्पष्ट जाणवते. द्रुत लय सुरू होऊन तबला आणि ताना रंगात आल्या की तीच हिस कुठे गेली ते कळत नाही. ती कमी झालेली नसते. मोठा आवाज त्याच्या आसपासच्या वारंवारतेतील लहान आवाजाला आपल्या कानापुरता झाकून टाकतो. दादरच्या फलाटावर गाडी शिरत असताना शेजाऱ्याचे बोलणे ऐकू येईनासे होते, तेही याच कारणाने. यातून डॉल्बींच्या विचाराचा पहिला धागा हाती लागतो: आवाज मोठा असताना हिस घालवण्याची गरजच नसते, ती फक्त हळू आवाजाच्या वेळी घालवावी लागते.

त्याआधीचे उपाय ओबडधोबड होते. एक म्हणजे ट्रेबल, म्हणजे आवाजातील उंच वारंवारतेचा भाग, सरसकट कापणे. त्याने हिस जाते, पण तिच्याबरोबर तानपुऱ्याची जवारी, तबल्याच्या चाटेची धार आणि शब्दांतले 'स', 'श' हेही जातात. दुसरा उपाय म्हणजे मुद्रण करताना संपूर्ण आवाजाची पातळी दाबून लहान-मोठ्यातील फरक कमी करणे आणि ऐकताना तो पुन्हा ताणणे. कागदावर हे छान दिसते. प्रत्यक्षात मात्र मोठ्या स्वरासरशी संपूर्ण मुद्रणाची पातळी वर-खाली होते, तिच्याबरोबर हिसही वर-खाली होत राहते, आणि स्थिर हिसपेक्षा अशी श्वास घेतल्यासारखी हलणारी हिस कानाला अधिक त्रास देते.

डॉल्बींनी मोठ्या आवाजाला हातच लावला नाही. मुद्रणाच्या वेळी मूळ ध्वनिसंकेत जसाच्या तसा टेपकडे जातो. त्याच्या जोडीला एक उपमार्ग असतो, जो फक्त हळू आवाज उचलतो, त्याला सुमारे १० डेसिबलपर्यंत वाढवून मूळ संकेतात मिसळतो आणि आवाज मोठा झाला की आपोआप मागे सरतो. ऐकण्याच्या वेळी याच्या अगदी उलट क्रिया होते: जितके वाढवले होते तितकेच वजा केले जाते. गाणे मूळ पातळीवर येते. हिस मात्र या दोन क्रियांच्या मध्ये, टेपवर, शिरलेली असल्याने तिला वाढवलेले नसते आणि म्हणून वजाबाकीत तीच खाली जाते. १० डेसिबलची घट म्हणजे हिसची ऊर्जा एक दशांश होणे; कानाला ती साधारण निम्मी वाटते. स्टुडिओसाठीच्या 'ए' प्रकारच्या यंत्रात हे काम वारंवारतेच्या चार पट्ट्यांत स्वतंत्रपणे चाले, कारण डग्ग्याची घुमार ट्रेबलमधील हिसला झाकू शकत नाही आणि प्रत्येक पट्टीचा निर्णय त्या पट्टीतील आवाज पाहूनच घ्यावा लागतो.

येथे एक बारकावा आहे, ज्यावर पुढे बरेच काही अवलंबून राहिले. ऐकताना किती वजा करायचे, याची नोंद टेपवर वेगळी केलेली नसते. यंत्र ते समोरच्या संकेताच्या पातळीवरूनच ताडते. म्हणजे मुद्रण करणाऱ्या आणि ऐकवणाऱ्या यंत्रांची पातळी तंतोतंत जुळली पाहिजे. त्यासाठी टेपच्या आरंभी ठराविक पातळीचा 'डॉल्बी टोन' मुद्रित करण्याची पद्धत पडली. तंत्र विकायचे तर त्यासोबत शिस्तही विकावी लागणार होती.

१९६५ साली डॉल्बींनी लंडनमध्ये अवघ्या चार कर्मचाऱ्यांनिशी डॉल्बी लॅबोरेटरीज सुरू केली. १९६६ मध्ये डेक्का या रेकॉर्ड कंपनीने त्यांची पहिली यंत्रे घेतली. १९६७ साली ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात शोधनिबंध लिहून त्यांनी आपली पद्धत खुलेपणाने मांडली. पेटंटचे संरक्षण असल्याने लपवाछपवीची गरज नव्हती, आणि अभियंत्यांना तत्त्व पटल्याशिवाय ते यंत्राला हात लावत नाहीत, हे त्यांना स्वतः अभियंता असल्यामुळे ठाऊक होते. काळही अनुकूल होता. स्टुडिओंत चार ट्रॅकवरून आठ, सोळा आणि पुढे चोवीस ट्रॅकच्या यंत्रांकडे वाटचाल चालू होती. समान हिस असलेले सोळा ट्रॅक एकत्र केले की एकूण हिस एका ट्रॅकपेक्षा १२ डेसिबलने वाढते. ट्रॅक वाढले की हिस वाढे, हिस वाढली की डॉल्बींचे यंत्र लागे, आणि तेही दर ट्रॅकमागे. शिवाय एका स्टुडिओत डॉल्बी लावून मुद्रित केलेली टेप दुसरीकडे मिक्सिंगला न्यायची, तर तिथेही तेच यंत्र हवे. व्यवसायाला इतकी नैसर्गिक ओढ मिळणे ही भाग्याची गोष्ट होती, पण ती ओळखण्याचे श्रेय त्यांचे.

घरगुती बाजाराचे गणित निराळे होते. स्टुडिओला विकायची यंत्रे कंपनी स्वतः बनवी. घराघरांतील टेपरेकॉर्डर मात्र डॉल्बींनी बनवले नाहीत. अमेरिकेतील केएलएच कंपनीचे हेन्री क्लॉस यांच्या आग्रहावरून त्यांनी १९६८ साली 'बी' प्रकार तयार केला. त्यात चारऐवजी एकच पट्टी होती, तीही फक्त ट्रेबलमध्ये काम करणारी आणि संगीतानुसार सरकणारी, त्यामुळे तो स्वस्तात बसवता येई. हे तंत्र वापरण्याचा परवाना त्यांनी उत्पादकांना दिला आणि विकल्या गेलेल्या उपकरणांच्या संख्येनुसार माफक रॉयल्टी आकारली. गाण्यांच्या कॅसेट काढणाऱ्या कंपन्यांकडून मात्र त्यांनी रॉयल्टी घेतली नाही. माझ्या मते त्यांच्या साऱ्या कारकिर्दीतील हा सर्वांत चाणाक्ष निर्णय होता. कोणतेही दुटोकी तंत्र एका पेचात सापडते: कॅसेट नाहीत म्हणून डेक कोणी घेत नाही, आणि डेक नाहीत म्हणून कॅसेट कोणी काढत नाही. एका टोकाला फुकट देऊन त्यांनी हा पेच सोडवला.

त्याला जोड होती आणखी एका गुणाची. 'बी' प्रकाराने मुद्रित केलेली कॅसेट साध्या डेकवर वाजवली तर आवाज किंचित चढा, ट्रेबलकडे झुकलेला वाटे, एवढेच. ज्याने डॉल्बीचा डेक घेतलेला नाही, त्याचे काही बिघडत नसे. याच काळात, १९७१ साली, डेव्हिड ब्लॅकमर यांनी स्थापन केलेल्या डीबीएक्स कंपनीचे तंत्र हिस सुमारे ३० डेसिबलने कमी करू शके, म्हणजे आकड्यांत ते फारच सरस होते. पण तशी मुद्रित केलेली टेप साध्या डेकवर ऐकण्याजोगी उरत नसे. दुकानदाराला एकाच गाण्याच्या दोन प्रकारच्या कॅसेट ठेवाव्या लागल्या असत्या. कॅसेटचा बाजार डॉल्बींकडे राहिला.

या सोयीची एक किंमतही होती आणि ती मुंबईकरांनी पुरेपूर अनुभवली. गल्लीतल्या दुकानातून भरून घेतलेली कॅसेट, महिनोन्‌महिने स्पिरिटचा कापूस न लागलेले हेड आणि हेडचा कोन किंचित कलल्याने आधीच हरवलेले ट्रेबल, अशा अवस्थेत डॉल्बीचे बटण दाबले तर यंत्राची फसगत होई. समोर आलेले अशक्त ट्रेबल पाहून ते त्याला अधिकच दाबे आणि गाणे गोधडीत गुंडाळल्यासारखे ऐकू येई. "डॉल्बी लावले की आवाज बसतो," ही तक्रार तेव्हा घरोघरी ऐकू येत असे आणि ती खोटी नव्हती. दोष तत्त्वाचा नसून पातळी न जुळण्याचा होता. बटण बंद ठेवूनही कॅसेट बरी वाजत असल्याने ते कायमचे बंदच राही. रॉयल्टी अर्थातच डेक विकला गेला त्याच वेळी भरली गेलेली असे. आज कोणी घरातल्या नाट्यसंगीताच्या जुन्या कॅसेट संगणकावर उतरवून घेणार असेल, तर आधी हेड साफ करावे, त्याचा कोन जुळवावा आणि कॅसेटच्या वेष्टनावर दोन 'डी'चे चिन्ह असेल तरच 'बी'चे बटण दाबावे.

सिनेमाच्या क्षेत्रातील त्यांचे काम मुंबईच्या अधिक जवळचे आहे. चित्रपटाच्या फितीवर चित्राशेजारी एक अरुंद प्रकाशीय ध्वनिपट्टी असते. तिच्यातून आरपार जाणाऱ्या प्रकाशाच्या चढउतारांतून आवाज निर्माण होतो. फितीवरील धूळ आणि ओरखडे यांची खरखर लपवण्यासाठी १९३०च्या दशकाच्या अखेरीस चित्रपटगृहांतील ट्रेबल मुद्दामच दाबण्याचे मानक ठरले आणि जवळजवळ चार दशके जगभरचे प्रेक्षक तसाच दबका आवाज ऐकत राहिले. परळच्या राजकमल कलामंदिरात पुनर्ध्वनिमुद्रण करणारे मंगेश देसाई हे आपल्याकडील या विद्येतले श्रेष्ठ नाव. संवाद, पार्श्वसंगीत आणि परिणामध्वनी एकाच मोनो पट्टीत, तेही असे ट्रेबल कापले जाणार हे गृहीत धरून, बसवणे किती कौशल्याचे असेल, याची कल्पना यावरून यावी. चुंबकीय पट्ट्या लावलेल्या प्रिंटवर चांगला स्टिरिओ मिळत असे, पण प्रत्येक प्रिंटवर पट्टी लावून तिच्यावर आवाज स्वतंत्रपणे मुद्रित करावा लागत असल्याने तो मार्ग खर्चिक होता आणि निवडक मोठ्या चित्रपटांपुरता उरला.

डॉल्बींच्या कंपनीने, अभियंता आयन ॲलन यांच्या पुढाकाराने, प्रकाशीय पट्टीवरच हिस घटवण्याचे तंत्र वापरले आणि मोकळ्या झालेल्या अवकाशाचा उपयोग करून एका पट्टीच्या जागेत दोन पट्ट्या बसवल्या. त्या दोन पट्ट्यांत डावा, उजवा, मधला आणि प्रेक्षकांच्या भोवतालचा असे चार प्रवाह गुंफले जात. मधला प्रवाह दोन्ही पट्ट्यांत सारखाच घालायचा, भोवतालचा मात्र दोन्हींत परस्परविरुद्ध कलेने, म्हणजे एकीत चढ तिथे दुसरीत उतार असा, घालायचा. चित्रपटगृहातील यंत्र दोन पट्ट्यांची बेरीज करून पहिला आणि वजाबाकी करून दुसरा वेगळा काढते. ज्या चित्रपटगृहात हे यंत्र नाही, तिथे दोन्ही पट्ट्यांची आपोआप बेरीजच होते: भोवतालचे विरुद्ध संकेत एकमेकांना खोडतात आणि उरलेला सिनेमा मोनोत व्यवस्थित ऐकू येतो. १९७७ साली 'स्टार वॉर्स' या चित्रपटाच्या यशाने हे तंत्र चित्रपटगृहांच्या मालकांपर्यंत पोहोचले.

मुंबईतील हिंदी चित्रपटसृष्टीत डॉल्बीचे युग खऱ्या अर्थाने आले ते १९९०च्या दशकात. मुंबई टेरिटरीचा, म्हणजे मुंबई वितरणक्षेत्राचा, वितरक एकच प्रिंट आधी शहरातील नवी यंत्रणा बसवलेल्या चित्रपटगृहात आणि नंतर तालुक्याच्या गावातील जुन्या एकपडदा चित्रपटगृहात फिरवू शकत होता, हे त्यामागचे मोठे व्यावहारिक कारण होते. १९९२ साली आलेल्या डॉल्बी डिजिटलमध्येही हेच धोरण दिसते. त्याची अंकीय माहिती फितीच्या कडेच्या दोन छिद्रांमधील इवल्याशा जागेत छापलेली असे आणि जुनी प्रकाशीय पट्टी तशीच ठेवलेली असे. फीत घासून अंकीय माहिती वाचता आली नाही, तर यंत्र क्षणार्धात जुन्या पट्टीवर येई आणि खेळ थांबत नसे.

मात्र सिनेमात डॉल्बींनी पातळीची शिस्त कॅसेटसारखी ऐकणाऱ्याच्या भरवशावर सोडली नाही. चित्रपटाच्या अंतिम मिक्सिंगच्या वेळी कंपनीचा सल्लागार हजर राहून स्टुडिओची जुळणी तपासे, चित्रपटगृहातील स्पीकरांची जुळणीही ठरलेल्या मानकानुसार केली जाई, आणि चिन्ह वापरण्याचा परवाना निर्मात्याला प्रत्येक चित्रपटासाठी घ्यावा लागे.

कंपनीच्या पुढील वाटचालीबद्दल थोडक्यात सांगता येईल. १९७६ साली मुख्यालय सॅन फ्रान्सिस्कोला गेले. १९८९ मध्ये डॉल्बी आणि ॲलन यांना चित्रपटध्वनीतील योगदानाबद्दल ऑस्करचा तांत्रिक सन्मान मिळाला. चाळीस वर्षे खासगी राहिलेली ही कंपनी २००५ साली न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात आली, तेव्हाही डॉल्बींनी स्वतःकडील वर्गाच्या शेअरना प्रत्येकी दहा मते ठेवून नियंत्रण सोडले नाही. पेटंटची मुदत संपते, व्यापारचिन्हाची संपत नाही. म्हणूनच कंपनीने एकेका तंत्राचा काळ सरत असताना तेच चिन्ह पुढच्या तंत्रावर चढवले. रे डॉल्बी १२ सप्टेंबर २०१३ रोजी वयाच्या ऐंशीव्या वर्षी निवर्तले. त्यांच्या संपत्तीतून केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेला ८.५ कोटी पौंडांची देणगी २०१७ मध्ये जाहीर झाली.

फीत गेली, तशी खरखरही गेली. २०१२ साली आलेल्या डॉल्बी ॲटमॉसमध्ये हिसचा प्रश्नच उरला नव्हता, पण जुने धोरण टिकून होते. त्यात आवाज ठराविक स्पीकरला बांधलेला नसतो. उदाहरणार्थ, हेलिकॉप्टरचा आवाज खोलीत कुठून यायला हवा, एवढी नोंद आवाजासोबत जाते आणि ऐकवणारे यंत्र आपल्याकडे जितके स्पीकर असतील त्यानुसार, चित्रपटगृहात ६४पर्यंत, त्याची वाटणी करते. अंधेरीतल्या स्टुडिओत झालेले मिक्सिंग मल्टिप्लेक्समध्ये छतावरच्या स्पीकरांतूनही ऐकता येते, आणि तोच चित्रपट पुढे फोनवर आला की विरार लोकलमध्ये कानात इयरफोन घालूनही. त्या प्रवाशाला डॉल्बीसाठी वेगळा रुपयाही मोजावा लागत नाही. ती रक्कम फोन बनवणाऱ्या कंपनीने परवान्यापोटी आधीच भरलेली असते.